टॅपेटची फट : एका छोट्या अंतराचा इतिहास

जुनी बुलेट उभ्या जागी चालू असताना तिच्या इंजिनाजवळ कान नेला, तर धडधडीच्या आड एक बारीक टिकटिक ऐकू येते. बहुतेकांना तो बिघाड वाटतो. प्रत्यक्षात तो आवाज एका मुद्दाम ठेवलेल्या फटीचा असतो. अनेक इंजिनांत ही फट मिलिमीटरच्या विसाव्या किंवा दहाव्या भागाएवढी असते. ती कोणी सांभाळायची, या प्रश्नाचे उत्तर मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. या पाठात आपण तो इतिहास पाहू आणि जुन्या इंजिनात ही फट कशी तपासतात तेही समजून घेऊ.

फट कशासाठी?

चार स्ट्रोकच्या इंजिनात झडप कॅममुळे उघडते आणि स्प्रिंगमुळे बंद होते. कॅम आणि झडप यांच्यामध्ये टॅपेट, पुश रॉड, रॉकर अशी साखळी असते. इंजिन तापले की या साखळीतला प्रत्येक भाग लांबतो. साध्या पोलादाची 100 मिलिमीटर लांबीची दांडी 300 अंशांनी तापली, तर ती सुमारे 0.36 मिलिमीटरने वाढते. पण त्याच वेळी सिलिंडर आणि हेडही वाढत असतात. झडपेची दांडी वाढल्याने फट कमी होते, सिलिंडर आणि हेड वाढल्याने ती मोठी होते. शेवटी कोणाची सरशी होईल, हे कोणता भाग कोणत्या धातूचा आहे यावर ठरते. म्हणूनच पुस्तिकेतला आकडा त्याच इंजिनापुरता आणि बहुधा थंड अवस्थेपुरता असतो. एका गाडीचा आकडा दुसऱ्या गाडीला लावू नये.

फट जास्त झाली तर आवाज वाढतो, झडप उशिरा आणि कमी उघडते, भाग एकमेकांवर आपटून झिजतात. फट अजिबात उरली नाही, तर झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकतच नाही. एक्झॉस्ट झडपेचे तापमान 700 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते आणि तिच्यातील सुमारे तीन चतुर्थांश उष्णता बैठकीवर टेकलेल्या थोड्या वेळातच हेडमध्ये उतरते. ती वाट बंद झाली, वरून जळते वायू त्या चिरेतून सुटू लागले, की झडपेची कड जळते.

म्हणजे दोन्ही चुका वाईटच, पण सारख्या नाहीत. सैल टॅपेट बोलून दाखवतो. घट्ट टॅपेट गप्प राहून झडप जाळतो.

फट नसलेली झडप

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रश्न अर्ध्या इंजिनापुरताच होता. फ्रान्समधील द दियाँ-बुताँ कंपनीच्या छोट्या इंजिनांत आणि त्यांच्या धर्तीवरच्या इतर अनेक इंजिनांत इनलेट झडपेला कॅमच नव्हता. पिस्टन खाली गेला की सिलिंडरमधील दाब कमी होई आणि हलक्या स्प्रिंगची ती झडप आपोआप उघडे. कॅम नाही, टॅपेट नाही, म्हणून फटही नाही. एक्झॉस्ट झडप मात्र आतल्या दाबाविरुद्ध उघडायची असल्याने तिला कॅम लागे.

वेग वाढू लागला तशी ही सोय अपुरी पडली. शोषणाने उघडणारी झडप उशिरा उघडे आणि फडफडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन्ही झडपा कॅमने चालवण्याची पद्धत रुळली. वेग आणि शक्ती मिळाली. त्याबरोबर दोन्ही टॅपेटची फट पाहण्याचे काम गाडीच्या मालकाकडे आले. त्या काळी झडपांच्या स्प्रिंग आणि दांड्या बऱ्याचदा उघड्याच असत, धूळ बसे, झीज भराभर होई. पाना चालवता येणे हा तेव्हा गाडी चालवता येण्याचाच भाग होता.

रेडिचहून तिरुवोट्टियूरला

भारतात हे काम सर्वांत जास्त काळ जिवंत ठेवले ते बुलेटने. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्डने 350 सीसीची नवी बुलेट 1949 च्या सुमारास बाजारात आणली. तिचा बोअर 70 आणि स्ट्रोक 90 मिलिमीटर होता. भारतीय सैन्याने ती गस्तीसाठी निवडली. 1955 मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला गाडी तयार होऊ लागली. पुढे मूळ ब्रिटिश कंपनी बंद पडली, पण ओतीव लोखंडी सिलिंडरचे हे इंजिन भारतात एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहिले. त्यामुळे 1950 च्या आसपासची टॅपेट जुळवण्याची रीत आपल्याकडे तीन पिढ्यांच्या मिस्त्रींच्या बोटांत टिकली.

ती रीत अशी. इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. स्पार्क प्लग काढावा. सिलिंडरच्या तळाशी उजव्या बाजूला टॅपेटचे झाकण असते, ते काढले की दोन्ही पुश रॉडची खालची टोके दिसतात. आता किकने इंजिन सावकाश फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी सर्वांत वर आणावा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की बाहेर ढकलली जाणारी हवा जाणवते. या स्थितीत दोन्ही झडपा बंद असतात. पिस्टन एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटीही वर येतो, पण तेव्हा झडपा किंचित उघड्या असतात. ही गल्लत झाली तर पुढचे सगळे चुकते.

या इंजिनात फिलर गेजची पाती घालण्याऐवजी पुश रॉड दोन बोटांत धरून फिरवून पाहतात. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा रॉड किंचित अधिक सैल ठेवण्याची पद्धत आहे. जुळवणीला तीन पाने लागतात : एकाने टॅपेट धरायचा, दुसऱ्याने लॉकनट सैल करायचा, तिसऱ्याने वरचा भाग फिरवायचा. लॉकनट आवळताना फट बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासायचे. मग इंजिन दोनचार फेरे फिरवून, पिस्टन त्याच जागी आणून, शेवटचे एकदा पाहायचे.

हे सारे मी एका चुकीतून शिकलो. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असेच एक इंजिन होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी त्याचे टॅपेट टिकटिक पूर्ण थांबेपर्यंत आवळले. इंजिन गोड चालू लागले, मुले खूश झाली, मीही. काही आठवड्यांनी किकला जोरच लागेना. हेड उघडले तर एक्झॉस्ट झडपेची कड एका जागी उंदराने कुरतडल्यासारखी जळालेली. ती झडप अजून माझ्या कपाटात आहे. दर वर्षी वर्गात हातोहात फिरवतो.

विसरण्याचा काळ

याच काळात देशातील बऱ्याच मोटारसायकलस्वारांना टॅपेट ठाऊकच नव्हते. म्हैसूरची जावा आणि येझ्दी, तसेच राजदूत, या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. त्यांत अशा झडपाच नसत. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि छोटे फोर-स्ट्रोक इंजिन घरोघरी पोचले. पेट्रोल भरा, टाकी बंद करा आणि विसरून जा, असे तिची जाहिरात सांगे. पण इंजिनाच्या डोक्यावरच्या दोन गोल झाकणांखाली स्क्रू आणि लॉकनट होतेच, आणि तिथे 0.05 मिलिमीटरची पाती घालून फट पाहावी लागे. मालकाने विसरायचे होते. लक्षात ठेवण्याचे काम सर्व्हिसिंग करणाऱ्या मेकॅनिककडे गेले.

पुढची पायरी म्हणजे मेकॅनिकलाही मोकळे करणे. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये एक लहान पिस्टन, स्प्रिंग आणि एकाच दिशेने उघडणारी झडप असते. सैलपणा आला की आत तेल भरते. दाब आला की अडकलेले तेल घन दांड्यासारखे काम करते. कॅडिलॅकच्या 1930 च्या सोळा सिलिंडरच्या मोटारीत ही सोय होती. 2008 च्या सुमारास रॉयल एनफिल्डच्या नव्या इंजिनात ती आली आणि फट जुळवण्याचे काम तेलाने उचलले. अर्थात काम संपले नव्हते. ते स्वच्छ तेल आणि योग्य दाब यांवर अवलंबून राहिले.

गंमत म्हणजे 2020 च्या मिटिऑर 350 मध्ये कंपनीने कॅमशाफ्ट हेडमध्ये नेला, पुश रॉड गेले, हायड्रॉलिक टॅपेटही गेले, आणि स्क्रू व लॉकनट परत आले. ज्याने मधल्या काळात फिलर गेज हातात धरलाच नाही, त्याला ते पुन्हा शिकावे लागले.

तंत्रज्ञान सरळ रेषेत पुढे जाते, असे आपण सहज गृहीत धरतो. या फटीचा इतिहास वेगळे सांगतो. धातू तापला की वाढणारच. त्याची जबाबदारी मालकाकडून मिस्त्रीकडे, मिस्त्रीकडून तेलाकडे आणि पुन्हा मिस्त्रीकडे गेली, नाहीशी कधीच झाली नाही. म्हणून एखादे यंत्र गप्प चालताना दिसले, तर त्याची फट सध्या कोण सांभाळत आहे, हे आधी विचारावे.

विचारासाठी प्रश्न

1. दोन्ही झडपांपैकी एक्झॉस्ट झडपेची फट अनेक इंजिनांत जास्त का ठेवतात?
2. लोखंडी सिलिंडरऐवजी ॲल्युमिनियमचा सिलिंडर बसवला आणि पुश रॉड पोलादीच ठेवला, तर इंजिन तापल्यावर फट वाढेल की कमी होईल? कारण लिहा.