स्लोलोरिस: न संपणारी विनंती

सर्व्हर आडवा पाडायचा तर त्याच्यावर विनंत्यांचा पूर लोटावा लागतो, असंच सगळे धरून चालले होते. १९९६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ‘पॅनिक्स’ या इंटरनेट सेवेवर तसा पूर आलाही. पण जून २००९ मध्ये रॉबर्ट हॅन्सनने पर्ल भाषेत लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम बाहेर काढला आणि दाखवलं की थेंबानेही भागतं.

नाव ठेवलं स्लोलोरिस. स्लो लोरिस हा ईशान्य भारतातही आढळणारा, मोठ्या डोळ्यांचा निशाचर प्राणी. चाल अगदी संथ, चावा मात्र विषारी.

ब्राउझर सर्व्हरकडे विनंती पाठवतो ती ओळीओळीने, आणि शेवटी एक कोरी ओळ सोडतो. ‘झालं माझं सांगून’ एवढाच तिचा अर्थ. स्लोलोरिस ती कोरी ओळ पाठवतच नाही. अधूनमधून ‘एक्स-ए: बी’ अशी एखादी निरर्थक ओळ तेवढी सरकवतो. अपाचे सर्व्हर ३०० सेकंद वाट पाहायचा. नवी ओळ आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पंगतीत भरल्या पानावरून कुणाला उठवत नाहीत. त्या वेळच्या अपाचेच्या नेहमीच्या मांडणीत पानं, म्हणजे एका वेळच्या जोडण्या, २५६, आणि प्रत्येक पानाला स्वतंत्र वाढपी. एकेक शीत चघळणारे २५६ जण बसले की बाकीचे दारातच ताटकळणार. एवढे पाहुणे एक घरगुती संगणकही बसवू शकतो. आत मुदपाकखाना थंड, प्रोसेसर रिकामा. नोंदवहीतही काही नाही, कारण अपाचे नोंद करतो ती विनंती पुरी झाल्यावर. त्याच जून २००९ मध्ये इराणच्या निवडणुकीनंतर सरकारी संकेतस्थळांवर हे हत्यार चाललं.

अपाचेच्या या वाट पाहण्याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. अपाचे १९९५ चा. टेलिफोनच्या तारेवरून रखडत येणाऱ्या माणसासाठी थांबणं हे तेव्हा सौजन्यच होतं. इगोर सिसोएव्हच्या २००४ च्या ‘एन्जिनएक्स’ सर्व्हरमध्ये एकच वाढपी हजारो पानं सांभाळतो, म्हणून तो या हल्ल्याला सहज बधला नाही.

मार्च २०१० मध्ये अपाचेने वेळेचा पहारेकरी नेमला. २.४ आवृत्तीत तो आपसूक चालू असतो: हेडर, म्हणजे विनंतीच्या त्या ओळी, पुरे करायला २० सेकंद. त्यापुढे दर ५०० बाइटमागे एक सेकंद वाढवून मिळतो, चाळिसापर्यंत. खरोखरच संथ जोडणी असलेल्यासाठी तेवढी जागा अजून राखून ठेवली आहे.