तांबे, चिंच आणि कल्हई

ज्या समाजाचा संसार तांब्यापितळेच्या भांड्यांवर उभा होता आणि चिंच, आमसूल व ताक यांवाचून ज्याचे जेवण पुरे होत नसे, त्याला कल्हईगारावाचून गत्यंतर नव्हते. अकबराच्या मुदपाकखान्यातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा आणि शाहजाद्यांच्या भांड्यांना एकदा कल्हई लावण्याचा शिरस्ता अबुल फज़लने ‘आईन-इ-अकबरी’त नमूद केला आहे. आमच्याकडील गृहिणीला हा बादशाही शिरस्ता कोठून परवडणार? ती बिचारी फेरीवाल्याची वाट पाही.

जस्त वा लोखंड अम्लात पडताच हायड्रोजन वायू सोडीत झिजू लागते. तांबे तसे सहजासहजी वश होत नाही. परंतु हवेतील प्राणवायूची फूस मिळाली, की सौम्य अम्लापुढेही ते नमते, आणि म्हणूनच बिनकल्हईच्या पातेल्यात रात्रभर राहिलेले ताक सकाळी कळकलेले, हिरवट आणि पोटात मळमळ उठवणारे निघते. गंमत अशी, की भांडे उजळण्यासही तीच चिंच कामास येई; कारण तिच्यातील अम्ल काळे ऑक्साइड आणि हिरवा कार्बोनेटी कळंक यांना विरघळवते, पण तेवढ्या अवधीत खालच्या धातूला फारसा धक्का लावीत नाही.

कल्हईवाला अंगणात खळगा खणून त्यात भात्याचे तोंड पुरी, कोळसा फुलवी, आणि सांडशीत धरलेले पातेले पुरते तापले, की नवसागराची चिमूट टाकून कथलाची कांडी आत टेकवी. कथील 232 अंशांवरच वितळत असल्यामुळे ते तत्काळ पाघळे, आणि कापसाच्या बोळ्याचे चार हात फिरताच रुपेरी लेप सर्वत्र पसरे. यातील खरी करामत नवसागराची. उष्णतेने तो फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात. त्यांतील दुसरा, म्हणजेच हायड्रोक्लोरिक अम्लाचा वायू, तांब्यावरचे ऑक्साइड खाऊन टाकतो, व अशा निर्मळ तांब्यालाच कथील धरते. उरलेले दोन्ही वायू हवेत पुन्हा एकत्र येतात, आणि त्यांचाच तो नाकात झिणझिण्या आणणारा पांढरा धूर होय. हा नवसागर तेव्हाच्या पंजाबातील कर्नाल जिल्ह्यातले कुंभार भट्ट्यांतून काढीत.

ॲल्युमिनियमची भांडी आली तरी हा धंदा बुडाला नाही, कारण ती चिंचेलाही भितात आणि सोड्यालाही. 1913 साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्लीने ओतलेल्या क्रोमियमयुक्त पोलादाची भांडी मात्र घरोघर पोचली, तेव्हा आंबटाचे भयच उरले नाही. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी वजनावारी मोडीत निघाली, आणि कल्हईवाल्याच्या फेऱ्या थांबत गेल्या.