मचाण, बत्ती आणि कॅमेरा

हरणाच्या वाटेवर लावायला कुठला कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न हल्ली रेवदंड्याच्या बाजारपेठेतल्या माझ्या स्टुडिओत बरेच जण घेऊन येतात. माझा सगळा धंदा पासपोर्ट साइज फोटो आणि लग्नाच्या अल्बमांचा, पण कॅमेरा म्हटला की गावाला मीच आठवतो. विचारणारे बहुतेक वाडीवाले असतात. रानडुकरं रात्रीत सुरण उकरून जातात, ती कुठून शिरतात ते त्यांना बघायचं असतं. एखादा मात्र आवाज खाली करून सांबराचं विचारतो. त्याला मी आधी खाडीपलीकडचा इतिहास सांगतो, कॅमेऱ्याचं नंतर.

पूल ओलांडून साळावला उतरलं की पूर्वी जंजिरा संस्थानचा मुलूख लागायचा. मुरुड आणि रोह्याच्या मधल्या डोंगरांतलं केसोलीचं रान ही नवाबाची राखीव शिकार. आजचं फणसाड अभयारण्य ते हेच. ऐन, किंजळ, अंजनीची दाटी आणि झाडांवर चढलेल्या गारंबीच्या वेली, त्यांना हातभर लांब शेंगा. सांबर, भेकर, इवलीशी पिसोरी आणि त्यांच्या मागावर बिबट्या, असं हे रान. उन्हाळ्यात ओढे आटले की सगळी जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात. फणसाडगाण, चिखलगाण ही त्यांतली नावं. शिकाऱ्याला जे काही माहीत असावं लागे, ते या पाणवठ्यांभोवतीच होतं.

शिकारीच्या रीती तीन. पहिली हाकाऱ्याची. आसपासच्या गावांतली माणसं डबे बडवत, आरोळ्या देत रान उठवायची आणि सावज बंदुकीच्या तोंडाशी आणून द्यायची. मान बंदूकवाल्याचा, पायपीट हाकाऱ्यांची. दुसरी बैठकीची. पाणवठ्याजवळच्या झाडावर मचाण बांधायचं आणि अंधार पडण्याआधी चढून बसायचं. माझ्या वडिलांकडे फोटो काढायला येणारा साळावपलीकडचा एक म्हातारा हाकारी ही बैठक फार झकास समजावून सांगायचा. वारा आपल्या तोंडावर यायला हवा, पाठीवर नको. विडी बंद, खोकला गिळायचा. सांबर थेट पाण्यावर कधी येत नाही. आधी झाडोऱ्यात उभं राहतं, कान फिरवतं, वारा हुंगतं आणि मगच पुढचा पाय टाकतं. म्हणून नजर पाण्यावर ठेवायची नाही, पाण्याकडे येणाऱ्या वाटेवर ठेवायची.

तिसरी रीत बत्तीची. डोळ्यांवर झोत पडला की जनावर जागीच थिजतं, डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि मग बार चुकत नाही. ही युक्ती साऱ्या जगाला ठाऊक होती. अमेरिकेत मिशिगनच्या तळ्यांवर ओजिब्वे आदिवासी होडीच्या नाळेवर दिवा लावून हरणं मारत. त्यांच्याकडून ही शिकार शिकलेल्या जॉर्ज शिरासनं 1889 च्या सुमारास बंदूक बाजूला ठेवली आणि त्याच होडीत, त्याच दिव्यामागे कॅमेरा बसवला. पुढे त्यानं वाटेवर तार ताणून ठेवली. जनावर तारेला अडखळलं की पूड पेटून लख्ख उजेड व्हायचा आणि त्याचा फोटो त्यानंच काढलेला असायचा. 1906 च्या जुलैत नॅशनल जिओग्राफिक मासिकानं त्याचे 74 फोटो छापले. आज ज्याला ट्रेल कॅमेरा किंवा कॅमेरा ट्रॅप म्हणतात, त्याचा हा मूळपुरुष.

आपल्या देशात हे काम केलं एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या संयुक्त प्रांतातल्या वनाधिकाऱ्यानं. शिवालिकच्या जंगलात तारा लावून त्यानं रात्रीचे वाघ टिपले आणि 1927 साली त्यावर पुस्तक काढलं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हे त्याच्या फोटोंवरून दिसू लागलं. मी स्टुडिओवाला आहे, मला त्याची हिंमत फ्लॅशच्या पुडीत दिसते. मॅग्नेशियमची ती पूड दमट हवेत पेटायची नाही आणि पेटली तर एकदाच. रात्रभरात एक फोटो मिळाला तर मिळाला.

इकडे 1948 साली जंजिरा संस्थान विलीन झालं आणि नवाबाची राखण संपली. पुढची वीस-पंचवीस वर्षं देशभरच जंगलांना वाईट गेली. जीप आली, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा झगझगीत दिवा आला, आणि मचाणावर तासन्‌तास बसण्याचा संयम कुणाला उरला नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक डुकरासाठी असायची, पण अंधारात चमकणारे डोळे डुकराचे की भेकराचे, हे कोण बघतो? मुंबई राज्यानं 1951 साली वन्यप्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा केला होता. केंद्राचा कडक कायदा 1972 चा. फणसाड अभयारण्य जाहीर झालं 1986 साली, क्षेत्र सुमारे 70 चौरस किलोमीटर. 1991 च्या दुरुस्तीनं परवाना काढून हौसेची शिकार करण्याचा उरलासुरला मार्गही बंद केला.

बंदूक गेली तरी मचाण राहिलं. दर वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यभर वनखातं पाणवठ्यांवर माणसं बसवतं आणि आलेली जनावरं मोजतं. फणसाडलाही ही गणना होते. चांदणं, मचाण, गप्प बसणं, सगळं जुनंच, फक्त हातात वही. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत याच पाळतीला यंत्राची आणि गणिताची जोड दिली. पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा आणि तो कितीदा परत दिसतो त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो जमले. त्यांतले वाघांचे फक्त 76,651.

आता कॅमेऱ्याचं. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, ते ऐकून सोडून द्या. आधी विचारायचं, जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत वेळ किती लागतो. अर्ध्या सेकंदाच्या वर गेला तर शेपटीचा फोटो मिळेल. दुसरं, उजेड कुठला. 850 नॅनोमीटरचे दिवे लांब पोचतात, पण अंधारात मंद लाल दिसतात. 940 चे दिसत नाहीत, मात्र पल्ला कमी. बुजणाऱ्या जनावराला दुसरे बरे. तिसरं, आपली हवा. यातला सेन्सर अंगाची ऊब आणि आजूबाजूची ऊब यांतला फरक ओळखतो. वैशाखातल्या दुपारी कातळच अंगाइतका तापतो, तेव्हा त्याला समोरचं गुरूही कळत नाही. खाऱ्या वाऱ्यानं सेलच्या पट्ट्यांना गंज धरतो आणि पावसाळ्यात भिंगावर बुरशी येते, म्हणून झाकणाचं रबर घट्ट हवं आणि आत सिलिका जेलची पुडी. गुडघ्याच्या उंचीवर बांधा, समोरचं गवत कापा, तोंड उगवतीला किंवा मावळतीला नको. आणि वाटेवर रोखा, पाण्यावर नव्हे. ही शेवटची सूचना हाकाऱ्याची, कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकातली नाही.

एका वाडीवाल्यानं मागे कार्ड आणून दिलं. डुकरांच्या ढीगभर फोटोंत एकच भेकर. नर. कपाळावरून नाकाकडे उतरलेल्या दोन काळ्या रेघा, वरच्या ओठाबाहेर आलेला सुळा, एक पाय उचललेला आणि मान नेमकी कॅमेऱ्याकडे. याच क्षणासाठी मचाणावरचा माणूस रात्र काढायचा.

कॅमेरा आणि बंदूक यांची सांगड अमेरिकेत अजून आहे. तिथं हरणाची शिकार कायदेशीर, आणि हंगामाआधी झाडांना कॅमेरे बांधून नर कधी कुठून जातो ते शिकारी टिपून ठेवतात. पण सावजाला निसटायची संधी उरत नाही म्हणून ॲरिझोना राज्यानं जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी केली. जिथं शिकार चालते तिथंही हा संकोच आहे. आपल्याकडे तर शिकारच गुन्हा.

म्हणून आवाज खाली करून विचारणाऱ्याला माझ्याकडे कॅमेरा मिळणार नाही. बाकीच्यांनी खुशाल घ्यावा, पण आपल्या वाडीच्या हद्दीत लावावा. गावच्या पायवाटेवर नको. तिथून बायका पहाटे लाकूडफाट्याला जातात, त्यांनाही तो टिपतो. अभयारण्यात कॅमेरे लावणं हे वनखात्याचं काम. पिकाचं नुकसान झालं तर भरपाईचा अर्ज त्याच खात्याकडे करता येतो, आणि रात्री कुठं बत्ती फिरताना दिसली तर त्यांचा 1926 हा नंबर फिरवावा.