अंधारात बोलणारी तार

गेल्या वर्षी जून महिन्यातील एका रात्री फरीदाबादेत धुळीचे वादळ झाले आणि आमच्या भागातील वीज गेली. समोरच्या घरात एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. त्यांना सारे बीबीजी म्हणतात. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातील बन्नूहून आलेल्या निर्वासितांपैकी त्यांचे कुटुंब. त्या रात्री बीबीजींना दम लागला. मोबाईलवरील बारीक अक्षरे त्यांना दिसत नाहीत, म्हणून सवयीने त्यांनी घरातील टेलिफोन उचलला. तो मुका होता. अखेर भिंतीच्या आधाराने आमच्या दाराशी येऊन त्यांनी कडी वाजविली. सुदैवाने डॉक्टर वेळेवर मिळाले. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “बेटा, पुराना फोन तो अंधेरे में भी बोलता था.”

श्रोतेहो, बीबीजींचे हे म्हणणे अक्षरशः खरे आहे. त्यामागील इतिहास आज सांगावयाचा आहे.

ग्रॅहॅम बेल याने १८७६ साली टेलिफोनचा एकाधिकार मिळविला आणि १८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे टेलिफोन केंद्रे उघडली. त्या काळी टेलिफोनला लागणारी वीज ग्राहकाच्या घरीच असे. भिंतीवरील लाकडी पेटीत विद्युत्‌घट ठेवलेले असत. त्यांच्या जोरावर आपला आवाज तारेत शिरे. केंद्राला हाक मारावयाची तर हाताने दांडा फिरवावा लागे. घट काही दिवसांनी दुबळे होत, आवाज क्षीण होई, आणि मग ते बदलण्यासाठी घरोघर माणूस पाठवावा लागे. ग्राहक शेकड्यांनी होते तोवर हे जमले. ते हजारांनी वाढू लागताच ही व्यवस्था कोलमडू लागली.

यावर अमेरिकेत १८९३ च्या सुमारास जो उपाय अमलात आला, तो वरवर पाहता साधा होता. घरोघरचे घट काढून टाकावयाचे, केंद्रात एकच मोठी घटमाला ठेवावयाची, आणि ज्या दोन तारांवरून बोलणे जाते त्यांवरूनच प्रत्येक घरी वीज पोचवावयाची. पुढे दोन व्होल्टचे चोवीस घट एकापुढे एक जोडून ४८ व्होल्टचा दाब बहुतेक देशांत रूढ झाला. घटमालेचे धन टोक जमिनीला जोडीत, म्हणजे पुरलेल्या तांब्याच्या तारा लवकर झिजत नसत. ग्राहकाने रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होऊन प्रवाह सुरू होई. त्यावरूनच केंद्राला कळे की कोणीतरी बोलू इच्छितो. अन्न पोचविणारी वाट हीच हाक पोचविणारी वाट झाली.

या बदलाचे खरे महत्त्व मात्र यंत्राहून व्यवस्थेत अधिक आहे. टेलिफोन जिवंत ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाच्या शिरावरून उतरून केंद्राकडे गेली. तेथे घटमाला, ती भारणारी यंत्रे आणि त्यांची निगा राखणारी माणसे एका छपराखाली आली. गावातील दिवे गेले तरी घटमालेत जोर असेपर्यंत टेलिफोन बोलत राही. बीबीजींचा जुना फोन अंधारात बोले तो यामुळे.

हीच कल्पना पुढे इतरत्रही उपयोगी पडली. नॉर्वेच्या नभोवाणीने १९६६ साली आपल्या ध्वनिमंदिरांतील नव्या मायक्रोफोनांना आवाजाच्या तारांवरूनच वीज देवविली. तेथे आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच होती, तीच वापरली. आजही मायक्रोफोनांच्या बाबतीत तो दाब प्रमाण मानला जातो. संगणकांना जोडणाऱ्या पिळदार तारांच्या केबलवर वीज धाडण्याचे सर्वमान्य प्रमाण २००३ साली ठरले. त्यात देणाऱ्या टोकापासून १५.४ वॅट शक्ती मिळे. २००९ साली ती ३० वर आणि २०१८ साली ९० वॅटवर गेली. येथेही वीज आंधळेपणाने सोडली जात नाही. देणारे यंत्र आधी अल्पसा प्रवाह पाठवून पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा ठरलेला रोध आहे की नाही हे तपासते; तो आढळला तरच पुरवठा सुरू करते. आज फरीदाबादच्या कचेऱ्यांत छताला टांगलेला कॅमेरा किंवा टेबलावरील फोन एकाच केबलवर चालतो तो याच रीतीने. तळघरातील एक बॅटरी साऱ्यांना सांभाळते.

परंतु या केबलची धाव शंभर मीटरांची. गावभर संदेश नेण्याचे काम आता पुष्कळ ठिकाणी तांब्याऐवजी काचेच्या तंतूकडे गेले आहे. काच प्रकाश अफाट वेगाने नेते, पण वीज नेत नाही. त्यामुळे तंतूच्या शेवटी असणारी पेटी घरच्या विजेवर चालते, आणि वीज गेली की टेलिफोनही जातो. १८९३ पूर्वीची स्थिती एका अर्थी परत आली. फरक इतकाच की घट बदलावयास येणारा माणूस आता नाही. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०१५ साली अशा ग्राहकांना निदान आठ तास पुरणारी बॅटरी देऊ करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, ते हा धोका ओळखूनच.

फरीदाबादला हा प्रश्न परका वाटू नये. हे नवे नगर निर्वासितांनी आपल्या श्रमाने उभारले. जर्मनीकडून युद्धाच्या भरपाईपोटी आलेला वीजनिर्मितीचा संच येथे बसविला गेला, तेव्हा नगराला स्वतःची वीज मिळाली. वीज कोठून येईल आणि तिला कोण सांभाळील, याचा विचार त्या लोकांनी घरे बांधतानाच केला होता. नवी तार घेताना आपण वेग विचारतो, दर विचारतो. तिची बॅटरी कोठे आहे, हे मात्र विचारीत नाही.

बीबीजींच्या घरातील पेटीला मी एक लहान बॅटरी जोडून दिली आहे. दर तीन महिन्यांनी ती तपासण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे.