फियाट ११०० ते पद्मिनी : एका मोटारीचा इतिहास

परदेशी यंत्राचे सुटे भाग आणून ते येथे जोडणे, ते भाग येथेच घडविणे आणि त्या यंत्राची रचनाच आपण करणे, या तीन निरनिराळ्या पायऱ्या होत. पुढे ‘पद्मिनी’ या नावाने परिचित झालेल्या फियाट ११०० या मोटारीने आपल्याला पहिल्या पायरीवरून दुसरीवर आणले; तिसरी मात्र तिच्या हातून चढली गेली नाही. तिचा इतिहास मननीय आहे तो याचसाठी.

स्वदेशी मोटार-कारखान्याची कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईनजीक कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली जोडलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ साली सरकारने धोरण ठरविले की, ज्यांस येथे भाग घडवावयाचे नाहीत त्यांनी नुसत्या जोडणीचा व्यवसायही करू नये. तेव्हा जनरल मोटर्स व फोर्ड या बलाढ्य कंपन्यांनी येथील काम आवरते घेतले. वालचंदांचे त्याच वर्षी एप्रिलमध्ये निधन झाले. १९५४ साली कुर्ल्यात सुरू झालेली फियाट ११०० पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

इटलीतही ही गाडी १९५३ सालीच अवतरली होती. जुन्या मोटारींत खाली लोखंडी चौकट असे व तीवर पेटारा बसविलेला असे. येथे पत्र्याचा पेटारा हाच सांगाडा होता. त्यामुळे वजन घटले. इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होत. मागे मात्र साधे, भक्कम पाटे होते. डॉक्टर, वकील, अधिकारी अशा मध्यम स्थितीतील माणसास परवडावी आणि कोणाही मिस्त्रीस उघडून पाहता यावी, अशी ही मोटार होती. १९६४ साली तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले, आणि १९७४ साली तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले.

तथापि संरक्षणाची दुसरी बाजूही होती. स्पर्धा नसल्याने ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि १९६४चाच साचा थोड्याफार फरकाने शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. भाग आपले झाले, आराखडा परकाच राहिला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मात्र ती अखेरपर्यंत राबली. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. मोटारीच्या नव्या रचनेसही कसोटी लागते, आणि ती घेण्याची सोय आपल्यापाशी हवी. पवारांमुळे मराठी माणसास जवळच्या वाटणाऱ्या धार-देवासच्या मुलखात आता ती झाली आहे. धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे जून २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा चाचणी-मार्ग सुरू झाला. त्याची वळणे बाहेरच्या काठाकडे चढती आहेत. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीस बाजूला फेकणारा जोर तो चढच तोलून धरतो. कुर्ल्यातील कारागिरांनी दुसरी पायरी गाठून दिली. तिसरीसाठी लागणारी कसोटी आता माळव्याच्या भूमीवर उभी आहे. तीवर आपल्या रचना उतरविणे हे पुढील पिढीचे काम होय.