सोंथायमर, गुंथर-डीट्स

(१९३४–१९९२). महाराष्ट्रातील लोकधर्म, मौखिक परंपरा आणि हिंदू कायदा यांचे जर्मन अभ्यासक. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतील प्राध्यापक. सोलापूर, सांगली, सातारा आणि पुणे या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागातील धनगर समाज, त्याची दैवते आणि पंढरीची वारी हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय.

सोंथायमर यांचे मूळ शिक्षण कायद्याचे. हिंदू देवतेला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले जाते. तिच्या नावावर जमीन आणि मिळकत असू शकते. या प्रश्नावर त्यांनी १९६० च्या दशकात लेखन केले. पुढे लंडन येथे जे. डंकन एम. डेरेट यांच्या मार्गदर्शनाखाली एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर घडणीचा अभ्यास केला. तो ‘द जॉइंट हिंदू फॅमिली’ (१९७७) या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. या कायद्याचा आधार असलेली, मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क देणारी ‘मिताक्षरा’ ही टीका चालुक्यांच्या कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणला रचली गेली.

ग्रंथातला धर्म आणि लोकांच्या आचारातला धर्म यांतील अंतर त्यांना महाराष्ट्राच्या माळरानावर घेऊन आले. मराठी शिकून, ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन ते वाड्यावस्त्यांवर आणि जत्रांमध्ये हिंडले. धनगरी ओव्यांमध्ये गाणे आणि निवेदन आलटून पालटून येते; गायलेला भाग पुन्हा गद्यात सांगितला जातो. अशा कथनांचा मोठा संग्रह त्यांनी जमवला. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, अशा गायकांना त्यांनी इतिहासाचे जाणकार मानले.

या कामातून ‘बिरोबा, म्हस्कोबा उंड खंडोबा’ (१९७६) हा त्यांचा प्रमुख जर्मन ग्रंथ सिद्ध झाला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर ‘पास्टोरल डीइटीज इन वेस्टर्न इंडिया’ या नावाने १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. दैवताची कथा आणि त्या भागातील पाऊस, गवत व वाटा यांचा विचार एकत्र करावा लागतो, ही या ग्रंथाची भूमिका आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत माणदेश, सांगोला, माळशिरस हा टापू येतो. येथील मेंढपाळ चाऱ्यासाठी दूरवर जातात, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात आणि जाताना आपले देवही नेतात. पुरंदर तालुक्यातील वीरचा म्हस्कोबा हा परांडा तालुक्यातील सोनारीच्या काळभैरवाचेच रूप असल्याचे भक्त मानतात. रानातल्या वारुळाशी किंवा दगडाशी जोडलेला देव गावात येतो, त्याला देऊळ आणि मानकरी लाभतात. खंडोबाच्या दोन बायकांपैकी म्हाळसा लिंगायत वाण्याची, तर बाणाई धनगराची लेक आहे. वस्ती आणि रान यांचे नाते या कथेतच सांगितलेले आहे.

धनगरांच्या कथांत विठोबा आणि बिरोबा हे भाऊ म्हणून येतात, तर विठ्ठलाच्या कथेत त्याची पत्नी म्हणून पदूबाई येते. अशा पुराव्यांमुळे पंढरपूरच्या दैवताची पशुपालक पार्श्वभूमी स्पष्ट होण्यास मदत झाली. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथातील मांडणीलाही हा धागा बळ देतो.

हेरमान कुल्के यांच्यासह संपादित केलेल्या ‘हिंदुइझम रिकन्सिडर्ड’ (१९८९) या ग्रंथात सोंथायमर यांनी हिंदू धर्माचे पाच घटक मांडले : ब्राह्मणांचे कार्य व शिकवण, संन्यास, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती. हे घटक उतरंडीसारखे एकावर एक रचलेले नसून एकमेकांत सतत मिसळत असतात, यावर त्यांचा भर होता. लोकधर्माला शास्त्रोक्त धर्माची अपभ्रष्ट आवृत्ती समजण्याची सवय त्यांनी मोडली, हे त्यांचे मोठे श्रेय होय.

छायाचित्रकार हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत त्यांनी वारीवर माहितीपट केला. खंडोबाच्या शिकारीच्या उत्सवावरही त्यांचा माहितीपट आहे. विधी, नाच आणि गाणे यांचे केवळ शब्दांत वर्णन करून भागत नाही, ही जाणीव या कामामागे होती.

१९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर खंडोबाविषयक निबंधांचा संग्रह (१९९७) आणि धर्म, साहित्य व कायदा यांवरील निवडक लेखन (२००४) हायड्रून ब्र्यूक्नर, फेल्डहाउस आणि आदित्य मलिक यांनी संपादित केले. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या बिरोबा आणि धुळोबा यांच्या दीर्घ कथा फेल्डहाउस यांनी २०१४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. त्यांच्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहामुळे धनगरी ओवी ही महाराष्ट्राच्या धर्मेतिहासाचे एक मुख्य साधन म्हणून अभ्यासकांपुढे उभी राहिली. सोलापूर परिसरातील देवस्थानांचा इतिहास लिहिताना ताम्रपट व पोथ्यांइतकाच या गायकांचा शब्दही विचारात घ्यावा लागतो.