माणसांचे प्रदर्शन, संस्थेचे प्रदर्शन

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय मी पहिल्यांदा पाहिले ते वडिलांबरोबर. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी चौथीत होतो. काचेच्या कपाटांत मातीच्या लहान लहान मूर्ती मांडलेल्या होत्या. नाना तऱ्हेची पागोटी, नाना धंद्यांची माणसे. वडील विचारत, ‘खाली काय लिहिलंय?’ मी जातीचे किंवा धंद्याचे नाव वाचून दाखवी. दोन-चार कपाटे झाल्यावर ते म्हणाले, ‘आणि त्याचं नाव?’ नाव नव्हते. पुढे इतिहास शिकवू लागल्यावर कळले, की वडिलांचा तो प्रश्न एका कपाटापुरता नव्हता. प्रदर्शने भरविणाऱ्या साऱ्या संस्कृतीलाच तो विचारला पाहिजे.

२ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयाचा उगम लंडन-पॅरिसच्या महाप्रदर्शनांसाठी मुंबईत जमविलेल्या वस्तूंच्या साठ्यात आहे. म्हणजे आमच्या मातीच्या माणसांची वंशावळ शोधायची तर लंडनलाच जावे लागते.

१८५१ साली हाइड पार्कमधील काचेच्या प्रासादात पहिले महाप्रदर्शन भरले. त्यानंतर प्रदर्शन पाहणे हा त्या शहराचा ऋतुधर्मच बनला. साउथ केन्सिंग्टनमध्ये तर १८८३ पासून सलग चार उन्हाळे प्रदर्शने झाली : पहिल्या वर्षी मत्स्योद्योग, मग आरोग्य, मग यांत्रिक शोध आणि १८८६ मध्ये वसाहती व हिंदुस्थान. दिवसा दालने पाहावीत, संध्याकाळी विजेच्या प्रकाशात उडणारी कारंजी पाहावीत, लष्करी बँड ऐकावा, असा तो बेत असे. मे महिन्यात उघडलेले आणि नोव्हेंबरमध्ये मिटलेले हे चौथे प्रदर्शन पंचावन्न लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी दिलेली कोरीव दगडी कमान तेथे उभी होती. पण गर्दी खेचणारा खरा खेळ होता तो जिवंत माणसांचा.

त्या खेळाची एक तालीम आधीच्या हिवाळ्यात होऊन गेली होती. १८८५ च्या अखेरीस लिबर्टी या प्रसिद्ध दुकानाने बॅटर्सी येथे ‘हिंदी खेडे’ उभारले. चाळिसाहून अधिक माणसे त्यासाठी आणली : विणकर, कारागीर, नाचणारे, कसरत करणारे. लंडनच्या थंडीत ती कुडकुडली, हाल झाले, करारावरून तक्रारी झाल्या आणि खेडे फसले. तरीही कल्पना टिकली, कारण ती तोट्याची नव्हती. केवळ ऋतू चुकला होता!

१८८६ च्या उन्हाळ्यात आग्र्याहून चौतीस कारागीर आणण्यात आले. कुंभार, गालिचे विणणारे, नक्षीकाम करणारे. अंगणात बसून त्यांनी काम करावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ते पाहावे. त्यांतला बक्षीराम कुंभार एकशे दोन वर्षांचा असल्याचे सांगितले जाई. प्रेक्षकांना वाटे, की पूर्वेकडचे कालातीत खेडे आपल्यापुढे बसले आहे. बापाने मुलाला दिलेली कला, जन्मासोबत आलेला हात. प्रत्यक्षात या मंडळींतील बहुतेक आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील कैदी होते. तुरुंगाचे अधीक्षक डॉ. टायलर हेच त्यांना घेऊन आले होते आणि त्यांची कला हे तुरुंगातल्या शिक्षणाचे फळ होते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या माणसाला कोठडीत कला शिकविली, त्यालाच पिढीजात कारागीर म्हणून चौथऱ्यावर बसविण्यात आले. याचा अर्थ काय होतो? कला रक्तातून येत नाही, शिकवली तर ती कोणालाही येते, याचा पुरावाच त्या अंगणात मांडलेला होता. पण फलकावर मात्र नेमके उलटे लिहिले होते. जातीच्या समर्थकांनी शतकानुशतके जो युक्तिवाद केला, तोच साम्राज्याने लंडनमध्ये तिकीट लावून दाखविला. येथील धर्ममार्तंड आणि तेथील राज्यकर्ते यांच्यात हा करार कोणी लेखी केला नव्हता. त्याची गरजही नव्हती.

त्या जुलैमध्ये राणी व्हिक्टोरियाने या कारागिरांना विंडसरला बोलाविले. ऑस्ट्रियन चित्रकार रुडॉल्फ स्वोबोदा याच्याकडून काहींची चित्रे काढवून घेतली. ती आजही ऑस्बोर्न हाउसमध्ये आहेत आणि बक्षीरामाचे चित्र सुंदर आहे यात शंका नाही. पण त्याच सुमारास तुलसीराम नावाचा एक पंजाबी शेतकरी लंडनच्या रस्त्यांवर भटकत होता. जमिनीच्या तंट्याचे गाऱ्हाणे राणीच्या कानावर घालावे म्हणून तो एकटाच समुद्र ओलांडून आला होता. त्याला पोलिसांनी वारंवार पकडले. मुकाट्याने चाक फिरविणाऱ्या कैद्याला राणीची भेट, आणि तोंड उघडू पाहणाऱ्या शेतकऱ्याला कोठडी! साम्राज्याला हिंदी माणूस पाहायचा होता, ऐकायचा नव्हता.

आणि पाहणारी नजर एकदा तयार झाली की ती कोणालाच सोडत नाही. या प्रदर्शनासाठी कलकत्त्याहून गेलेले त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय हे सुशिक्षित सरकारी अधिकारी होते. तेथील लोक आपल्याकडेही प्रदर्शनातील वस्तूसारखे टक लावून पाहतात, हे त्यांनी आपल्या १८८९ च्या प्रवासवर्णनात नोंदविले. उच्चवर्णीय शिक्षिताला जो अनुभव समुद्रापलीकडे काही महिने आला, तो आमच्या लोकांना गावच्या चावडीसमोर रोज येत होता. फरक इतकाच, की चावडीला तिकीट नव्हते.

लंडनमध्ये निदान कौतुकाचा मुलामा होता. न्यूयॉर्कमध्ये तोही उरला नाही. काँगोमधून ओटा बेंगा या तरुणाला सॅम्युअल व्हर्नर याने १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनासाठी अमेरिकेत आणले. सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात, माकडांच्या घरात, त्याला ओरांगउटानसोबत ठेवण्यात आले. पिंजऱ्याबाहेरच्या फलकावर त्याची उंची होती, वजन होते आणि सप्टेंबरभर रोज दुपारी तो पाहता येईल ही सूचना होती. येथे नाव लिहिलेले होते. पण पिंजऱ्यावर लिहिलेले नाव माणसाला माणूस करीत नाही. निषेधाला उभे राहिले ते रेव्हरंड जेम्स गॉर्डन आणि त्यांचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक सहकारी. आपला वंश आधीच पुरेसा दडपलेला आहे, त्यात हे आणखी नको, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या रेट्यामुळे तो खेळ महिनाअखेरीस बंद पडला. ओटा बेंगाला मात्र घर सापडले नाही. २० मार्च १९१६ रोजी व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. प्राणिसंग्रहालय चालविणाऱ्या संस्थेने माफी मागितली ती २०२० मध्ये.

त्याच १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या. त्या प्राणिसंग्रहालयाच्या संस्थेचे चिटणीस मॅडिसन ग्रँट यांनी वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारा आपला कुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि ९ मे रोजी, कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातील जातींवरचा आपला निबंध वाचला. या घटनांचा एकमेकींशी थेट धागा जोडण्याचे कारण नाही. पण त्या निबंधाचा आरंभ ज्यांनी वाचला आहे, त्यांना तो प्रदर्शनाच्याच उल्लेखाने होतो हे आठवेल. संस्कृतीच्या भौतिक वस्तूंची प्रदर्शने श्रोत्यांनी पाहिली असतील हे बाबासाहेब गृहीत धरतात, आणि मग मानवी संस्थांचेच प्रदर्शन मांडण्याची, ऐकणाऱ्याला विक्षिप्त वाटेल अशी कल्पना पुढे ठेवतात.

वाक्य साधे आहे, पण त्याने चौथराच उलटा केला. तोवर प्रदर्शनात माणूस दिसे आणि त्याला तेथे बसविणारी व्यवस्था अदृश्य राही. बाबासाहेबांनी माणसाला चौथऱ्यावरून उतरविले आणि व्यवस्थेला वर चढविले. जात म्हणजे पागोटे नव्हे, कातडीचा रंग नव्हे, हाताचे कसब नव्हे. जात म्हणजे स्वतःला बंद करून घेतलेला वर्ग, आणि त्याच्या दाराची कडी म्हणजे जातीतल्या जातीत विवाह. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही ती कडी घट्ट ठेवण्याची साधने. वंशाचा सिद्धांत त्यांनी नाकारला. कुंभाराचे चाक कपाटात मांडता येते. ते चाक सोडून दुसरे काही करण्यावरची बंदी कपाटात मांडता येत नाही. ती मांडायला विचार लागतो, आणि ज्याच्यावर बंदी आहे त्याने स्वतः बोलावे लागते.

पुढे ११ वर्षांनी हेच प्रदर्शन त्यांनी महाडला भरविले, असे मला वाटते. चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने कागदावर खुले झालेच होते. २० मार्च १९२७ रोजी लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, एवढेच. त्यानंतर हल्ला झाला, आणि शेणगोमूत्राचे घडे ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. जी संस्था एरवी परंपरेच्या पडद्याआड सभ्यपणे बसलेली असते, ती दिवसाढवळ्या उघडी पडली. येथे पाहिले जाणारे आम्ही नव्हतो. आम्ही पाहत होतो.

आज लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे घर स्मारक झाले आहे. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. आनंदाची गोष्ट आहे. पण चष्मा, खुर्ची आणि कोट पाहून हात जोडून बाहेर पडणारा आमचा तरुण जर कडीविषयी एक प्रश्नही न विचारता घरी आला, तर आम्हीही शेवटी वस्तूंचेच प्रदर्शन भरविले असे होईल. बक्षीरामाला सुंदर चित्रात कोंडता आले. बाबासाहेबांना सुंदर कपाटात कोंडू इच्छिणारेही कमी नाहीत.

मी अजूनही दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना राणीच्या बागेत नेतो. मूर्तींसमोर उभे करून वडिलांचा प्रश्न विचारतो, आणि त्याला माझा एक जोडतो : याचे नाव काय, आणि याला येथे कोणी बसविले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच कपाटात नाही. दुसऱ्याचे शोधायला आमची मुले आता लिहायला शिकली आहेत.